सुजलेला हात आणि ‘टेन्शन घेऊ नकोस’

पत्र, थोडक्यात: वय ५१, माध्यमिक शाळेत शिक्षिका. अडीच वर्षांपूर्वी डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या गाठीही काढल्या, मग रेडिएशन झालं. गेल्या वर्षी डावा हात सुजायला लागला. लिम्फेडिमा, म्हणजे द्रव साठून येणारी सूज, असं निदान झालं. दिवसा स्लीव्ह (हातावर दाब देणारी घट्ट बाही) घालते, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला हलका मसाज करते. सूज आटोक्यात आहे, पण संध्याकाळी हात जड होतो, खांदा आखडतो, रात्री झोप लागत नाही. घरचे म्हणतात, ‘टेन्शन घेतेस म्हणून हात सुजतो.’ मोबाइलवर रिलॅक्सेशन लावून पाहिलं, पण ‘तुमचा हात जड होतोय, गरम होतोय’ हे वाक्य आलं की उलट घाबरायला होतं. नणंद म्हणते, पंचकर्म केंद्रात जाऊन तेल लाव, वाफ घे. योगवर्गातले सर म्हणतात, प्राणायाम वाढवा. ‘मला धड शांतही पडता येत नाही. माझं काय चुकतंय? आणि पडताना स्लीव्ह काढू की ठेवू?’

नमस्कार ताई,

घरच्यांच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण तुमची अर्धी झोप त्यानेच उडवलेली दिसते. तुमचा हात टेन्शनमुळे सुजलेला नाही. हातातला लिम्फ, म्हणजे लसिका हा पाणीदार द्रव, काखेतल्या गाठींमधून पुढे जातो; या गाठी आजाराच्या नव्हेत, शरीरात मुळातच असतात. त्या गाठी काढल्या, रेडिएशनने आजूबाजूचा भाग कडक झाला. आता हातात द्रव पूर्वीइतकाच येतो, परत जायची वाट मात्र अरुंद झाली आहे. काखेतल्या गाठी सरसकट काढलेल्या साधारण पाच बायकांपैकी एकीला हा त्रास पुढे होतो. त्यात शांत स्वभावाच्या असतात तशा चिडक्याही असतात. घरचे मायेनेच बोलत असतील, पण त्या बोलण्याने आजाराचा ठपका आजारी माणसावर येतो. पुढच्या वेळी सरळ सांगा, ‘गाठी काढल्यात म्हणून हात सुजतो. टेन्शन आलंय ते सुजेमुळे.’

तरीही ताणाचा आणि हाताचा काहीच संबंध नाही, असं नाही. तो आडवळणाचा आहे. मन धास्तावलेलं असलं की आपण तो हात जपतो, म्हणजे खांदा वर उचलून, कोपर अंगाशी धरून वावरतो. श्वास वरच्या वर राहतो. मान आणि छातीचे स्नायू आखडतात. रात्री झोप नाही, म्हणून सकाळी स्लीव्ह चढवायचा कंटाळा, आणि तो दिवस सुजेला मोकळा मिळतो. रिलॅक्सेशन करायचं ते हे सगळं सैल करण्यासाठी, म्हणजे खांदा, झोप आणि दुखणं यांच्यासाठी. सूज उतरवायचं काम स्लीव्हचं, व्यायामाचं, मसाजचं आणि त्वचेच्या काळजीचं आहे. तेव्हा शांत पडून उठल्यावर टेप घेऊन हात मोजायला बसू नका. मोजायचाच तर पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, मनगटापासून दर १० सेंटिमीटरवर, प्रत्येक वेळी त्याच खुणांवर.

आता ‘धड शांतही पडता येत नाही’ याबद्दल. शांत होणं म्हणजे निश्चल पडणं, हे आपण शवासनामुळे धरून चाललो आहोत. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसिकेला तसा स्वतंत्र पंप नाही. तिच्या नळ्या स्वतःच हळूहळू आकुंचन पावतात आणि त्यांना जोड मिळते ती स्नायूंच्या हालचालीची आणि श्वासाची. दिवसभर उभं राहून, हात खाली लोंबकळून तो जड झालेला असताना तुम्ही एकदम आडव्या होता आणि ‘हलायचं नाही’ असं स्वतःला बजावता. मग सगळं लक्ष त्या जडपणावरच जाणार. या हाताच्या बाबतीत आराम हालचालीने सुरू करावा आणि निश्चलपणा शेवटी आणावा.

म्हणून संध्याकाळी आडवं होण्याआधी दहा मिनिटं पाठ टेकून खुर्चीत बसा. स्लीव्ह हातातच असू द्या. मान डावी-उजवीकडे सावकाश पाच वेळा. खांदे वर, मागे, खाली, दहा वेळा. पाठीची दोन्ही पाती एकमेकींकडे आणून दोन आकडे मोजा आणि सोडा, पाच वेळा. मग कोपर वाकवा-सरळ करा दहा वेळा, मनगट दोन्ही दिशांना फिरवा, शेवटी हात मांडीवरच्या उशीवर ठेवून मूठ अलगद मिटा आणि बोटं पूर्ण पसरा, पंधरा वेळा. एका श्वासाला एक हालचाल, याहून घाई नको. मान आणि खांद्यापासून सुरुवात करून बोटांकडे जायचं. पुढची वाट आधी मोकळी करायची, मग मागचा द्रव हलवायचा, हा त्यामागचा विचार आहे. पुष्कळ जणी इथे स्पंजचा बॉल दाबत बसतात. जोर लावून, धरून ठेवून दाबलं की हात दमतो आणि आखडतो, त्यामुळे बॉल नकोच. दुसऱ्या दिवशी हात ठणकला किंवा जास्त भरलेला वाटला तर आकडे निम्मे करा, बंद मात्र करू नका.

यानंतर श्वास. पाठीवर झोपा, गुडघ्यांखाली उशी. उजवा तळवा डाव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवा. नाकाने चार आकडे श्वास आत, बरगड्या आणि पोट तळव्याला वर ढकलतील. ओठ किंचित मिटून, फुंकर घातल्यासारखा सहा आकडे बाहेर. असे पाच श्वास, मग दोन-तीन साधे, पुन्हा पाच. तीन फेऱ्या पुरेत. या खोल श्वासाने मनाबरोबर शरीरालाही काम मिळतं: श्वास आत घेताना छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो, आणि छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीतला द्रव वर, मानेच्या तळाशी असलेल्या शिरेकडे सरकतो. चूक होते ती इथे: ‘खोल श्वास घ्या’ म्हटलं की खांदे कानाकडे जातात. खात्री करायला उजवी बोटं डाव्या गळपट्टीच्या हाडावर ठेवा. ते वर येत असेल तर श्वास अजून वरच चालला आहे. रेडिएशनच्या बाजूची छाती आवळल्यासारखी वाटते, तिथे जोर करायचा नाही, जेवढी फुलेल तेवढीच फुलू द्यायची. चक्कर किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार वेगाने किंवा फार मोठे घेतले जात आहेत. थांबा आणि साधा श्वास चालू ठेवा.

मोबाइलवरच्या त्या आवाजाने तुम्हाला घाबरवलं, त्यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. ‘हात जड, हात ऊबदार’ ही वाक्यं योहानेस शुल्ट्झ या जर्मन डॉक्टरांनी १९३२ साली मांडलेल्या ऑटोजेनिक ट्रेनिंगमधली आहेत. निरोगी माणसाचे स्नायू सैल झाले की हात जड आणि उबदार वाटतो, म्हणून ती तशी रचली. योगनिद्रेतही जडपणा आणि हलकेपणा, उष्णता आणि गारवा अशा जोड्या येतात. पण लिम्फेडिमात जडपणा आणि गरमपणा हीच तर धोक्याची लक्षणं म्हणून तुम्हाला शिकवलेली! तेव्हा तयार ध्वनिफीत जशीच्या तशी ऐकू नका. तुमच्या हाताला चालणारी वाक्यं लिहा, फोनवर स्वतःच्या आवाजात सावकाश रेकॉर्ड करा आणि दर वाक्यानंतर दोन श्वासांची जागा सोडा. वर्गात शिकवायचा आवाज लावू नका, झोपलेल्या मुलाशेजारी बोलतो तसा लावा. नमुन्यादाखल:

‘पाय गादीवर टेकलेत. पाठ गादीवर टेकली आहे. उजवा हात सैल. डावा हात उशीने पेललाय, मला धरून ठेवायला नको. खांदा कानापासून लांब. कोपर मोकळं. मनगट मोकळं. बोटं हलकी. तळव्याला गार वारा लागतोय. श्वास बाहेर जाताना हात आणखी हलका.’

जड आणि गरम हे शब्द काढून हलका, गार, पेललेला हे शब्द घ्यायचे, इतकाच बदल. शरीराच्या एकेका भागावरून लक्ष फिरवायच्या पद्धतीत छातीशी आलं की काही जणींना रडू येतं, काहींना तो भाग नकोसाच वाटतो. तिथून खुशाल पुढे जा. पोटावरून थेट गळ्यावर गेलं तरी काही बिघडत नाही. मन तयार होईल तेव्हा होईल.

दुसरी लोकप्रिय पद्धत स्नायू आवळून सोडण्याची. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. पाय, पोट, चेहरा, उजवा हात यांना ती जशी आहे तशी चालेल: पाच आकडे आवळा, पंधरा आकडे सोडा. डाव्या हाताला मात्र ती बदलून घ्या. जोर दहापैकी दोन-तीन इतकाच, दोन आकड्यांहून जास्त धरायचं नाही, आणि एकदा घट्ट आवळण्याऐवजी पाच वेळा हलकं आवळ-सोड करायचं. आवळताना श्वास कोंडू नका. झोप न येणाऱ्यांना मी तरी हीच पद्धत आधी सुचवेन, कारण मनाला ‘विचार करू नकोस’ सांगण्यापेक्षा पोटरीला ‘सोड’ सांगणं सोपं जातं.

तुमच्या योगवर्गातल्या सरांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त त्यांना हाताबद्दल स्पष्ट सांगा. अनुलोम-विलोम तुम्ही उजव्या हाताने करता, ते ठीक. डावा हात गुडघ्यावरून खाली लोंबू न देता मांडीवरच्या उशीवर ठेवा. ज्यांचा उजवा हात सुजलेला आहे त्यांनी तो नाकाशी दहा-दहा मिनिटं धरून बसू नये. डाव्या हाताने करावं, परंपरेला एवढी तोशीस चालते. भ्रामरीत दोन्ही हात कानांशी उचलून ठेवतात. ते सोडा, नुसता गुंजारव करा, परिणाम तोच. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. कपालभाती आणि भस्त्रिका हे व्यायाम म्हणून कुणी करत असेल तर करो, झोपेआधीच्या आरामात त्यांचं काम नाही.

आसनांत अडचण येते ती शरीराचं वजन हातांवर बराच वेळ येतं तिथे. अधोमुख श्वानासन, फळीसारखं धरून राहणं, सूर्यनमस्कारांची लागोपाठ आवर्तनं. या सगळ्यांना कायमची बंदी आहे असं मात्र समजू नका. पूर्वी अशा बायकांना ‘त्या हाताने काही उचलू नका’ असंच सांगत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत लिम्फेडिमा असलेल्या १४१ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांनी स्लीव्ह घालून, देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून हळूहळू वाढवत व्यायाम केला. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज एकदम बळावण्याचे प्रसंग कमी झाले. तेव्हा भिंतीला तळवे टेकून सुरुवात करा, दोन आठवड्यांनी टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. अधूनमधून एकदम बारा सूर्यनमस्कार घालण्यापेक्षा रोज दोन बरे.

नणंदेचा सल्ला मात्र मोडून काढावा लागेल. तेल लावून रगडणं, वाफ आणि शेक, तिन्ही या हाताला नकोत. उष्णतेने हातातला रक्तप्रवाह वाढतो, बारीक रक्तवाहिन्यांमधून जास्त द्रव बाहेर येतो आणि वाट अरुंद असल्याने तो साठतो. शिवाय काखेतल्या शस्त्रक्रियेत दंडाच्या आतल्या बाजूची संवेदना नेणारी नस पुष्कळदा कापली जाते. तिथे बधिर असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा चटका बसलेला कळतही नाही आणि तोच फोड जंतुसंसर्गाचं दार ठरतो. रगडण्याबद्दल म्हणाल तर लसिकेच्या सर्वांत बारीक नळ्या त्वचेच्या अगदी खाली असतात. तुम्हाला शिकवलेल्या मसाजमध्ये बोटं त्वचेला नुसती ताणतात आणि सोडतात, खालचा स्नायू बोटांना लागूही नये. तेल लावलं की बोटं घसरतात, त्वचा ताणली जात नाही, आणि तेलकट हातावर स्लीव्हचं इलॅस्टिकही लवकर जातं. हल्ली घरोघरी आलेलं मसाजचं थरथरतं यंत्रही या हातापासून आणि छातीच्या त्या बाजूपासून लांब ठेवा. दिवाळीचं अभ्यंग चुकवायला नको: पाय, पोटऱ्या, डोकं, उजवा हात यांना तेल खुशाल लावा, पाणी कोमट घ्या, आणि डाव्या हाताला उटणं न घासता साध्या साबणाने धुऊन, टिपून, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. नणंदेला मदत करायचीच असेल तर तळपाय चोळायला सांगा. त्याने झोप येते आणि तिचाही मान राहतो.

स्लीव्हचं उत्तर दोन भागांत. वर सांगितलेल्या हालचाली स्लीव्ह घालूनच करा. स्नायू हलतात तेव्हा बाहेरून आधार असला तर द्रव वर सरकतो. श्वास आणि रेकॉर्डिंग हे स्लीव्ह काढून, रात्री झोपायच्या वेळी करा. दिवसाची स्लीव्ह झोपेत घालायची नसते. ती गोळा होऊन कोपराशी किंवा मनगटाशी काचते. रात्रीसाठी वेगळी येते, ती फिजिओने दिली असेल तरच वापरायची. दुपारी शाळेतून येऊन तासभर ‘मोकळं वाटावं’ म्हणून स्लीव्ह काढण्याची सवय असेल तर तीच संध्याकाळच्या जडपणाचं कारण असू शकते. उन्हाळ्यात घाम येतो हे खरं. दोन स्लीव्ह आळीपाळीने वापरा, रोज हाताने धुवा, आणि सकाळी उठल्याबरोबर, आंघोळीनंतर हात अगदी कोरडा करून, रबरी हातमोजा घालून चढवा. बोटं किंवा हाताची पाठ सुजत असेल, किंवा स्लीव्हने काचून खोल वळ उठत असतील, तर माप बदललेलं आहे. नवीन माप द्या, सोसत बसू नका.

झोपताना हाताची जागा नीट ठरवा. पाठीवर असाल तर डाव्या हाताखाली उश्या अशा रचा की कोपर खांद्याहून किंचित वर आणि तळवा कोपराहून किंचित वर राहील. उंच टांगून नाही, बधिर होईल. उजव्या कुशीवर झोपत असाल तर छातीशी एक लोड घ्या आणि डावा हात त्यावर टाका, म्हणजे खांदा पुढे ओघळत नाही. डाव्या कुशीवर नको.

खांदा आखडण्याचं कारण दिवसात शोधा. ब्राचा पट्टा अरुंद आहे का? कृत्रिम स्तन वापरत असाल तर त्याचा भार त्याच पट्ट्यावर येतो. रुंद पट्ट्याची, नीट मापाची ब्रा घ्या. वह्यांचा गठ्ठा डाव्या कोपरावर तोलण्याऐवजी दोन खेपा करा. आणि खांदा खाली सोडायची आठवण करून देणारं काहीतरी ठरवून ठेवा: शाळेत तासाची घंटा, घरी कुकरची शिट्टी. शिट्टी झाली की खांदे खाली, एक लांब श्वास बाहेर, बोटं दोनदा उघड-मीट. रात्रीच्या वीस मिनिटांइतकाच याचाही उपयोग होतो, आणि वेळ काढावा लागत नाही.

झोप न येण्याला हातच जबाबदार आहे असं धरून चालू नका. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील तर टॅमॉक्सिफेनने रात्री अंग तापून घाम येतो, लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलने सांधे दुखतात, आणि झोप मोडते. गोळी स्वतःहून थांबवू नका. कर्करोगतज्ज्ञांना सांगा, वेळ किंवा औषध बदलायचा पर्याय त्यांच्याकडे असतो. रोजची धास्ती, रडू, कशातच मन न लागणं असं दोन-तीन आठवडे चालू राहिलं तर समुपदेशकाकडे जायला कर्करोग रुग्णालयातूनच चिठ्ठी मागा. आणि सूज उतरवायला म्हणून ‘पाण्याच्या गोळ्या’, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कुणी सुचवल्या तर नको म्हणा, लिम्फेडिमावर त्या उपाय नाहीत.

आता ज्यात आराम, श्वास काहीही करत बसायचं नाही ते. हात अचानक लाल झाला, तापला, दुखू लागला, थंडी वाजून ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, डॉक्टरांकडे जा. अँटिबायोटिक लगेच सुरू व्हावं लागतं. तोवर मसाज बंद, आणि दुखत असेल तर स्लीव्हही काढा. पुन्हा कधी घालायची ते डॉक्टर सांगतील. हात एक-दोन दिवसांत भराभर सुजला, निळसर दिसू लागला किंवा छातीवर-खांद्यावर शिरा उठून दिसल्या, तर शिरेत गुठळी नाही ना हे लगेच तपासून घ्यावं लागतं. आणि बरेच दिवस आटोक्यात असलेली सूज कारण नसताना वाढत गेली, हाताची ताकद कमी झाली, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडावर नवी गाठ लागली, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवा. जाताना पंधरवड्याच्या मापांची वही बरोबर न्या.